डावाच बूट का झिजतो

माझ्या नातीचा डावा बूट झिजत होता आणि उजवा जसाच्या तसा होता. घरात कुणाच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण मी जन्मभर शिवणकाम केलं आहे. कपडा कुठे विरला ते पाहून माणूस दिवसभर काय करतो ते मला कळतं. टेबलाशी बसणाऱ्याच्या शर्टाचं कोपर आधी जातं. पोळ्या लाटणाऱ्या बाईचा ब्लाउज काखेत उसवतो. बूट हा माझा विषय नाही, पण झीज ती झीज.

तळ टाचेला झिजला असता तर मी काही बोलले नसते. हा मधोमध झिजला होता. टाचेपासून चवड्यापर्यंत एक उभी पन्हळ पडली होती, बागेत पाणी घालायच्या नळीएवढी रुंद. काळी आणि गुळगुळीत. वास घेतला तर जळक्या रबराचा आला.

"काय गं, एकाच पायाने चालतेस का तू?" मी विचारलं.

ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. सोफ्यावर आडवी पडून फोनशी खेळत होती. "आजी, यू सो केपो, लाह."

केपो म्हणजे नसत्या चौकशा करणारी; 'लाह' आणि 'वॉट' ही इथे वाक्याला लावायची नुसती शेपटं. हा शब्द मला इथे आल्यावर पहिल्या महिन्यातच मिळाला, आणि तो खोटाही नाही. मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं सगळं विचारून विचारून शिकले. साताऱ्यात चाळीस वर्षं ब्लाउज शिवले, गिऱ्हाइकांशी बोलले, हाताखाली कितीतरी पोरी तयार केल्या. नवरा गेला, डोळे अधू झाले, तेव्हा मुलाने सिंगापूरला आणलं. मशीन तिथेच एका पोरीला देऊन टाकली. कात्री आणि इंची टेप तेवढी बरोबर घेतली. मुलगा बँकेत, सून कॉम्प्युटरच्या कंपनीत, नात शाळेत. तोआ पायोहला आठव्या मजल्यावर फ्लॅट. दिवसभर मी आणि पंखा. मग केपो नाही होणार तर काय होणार?

संध्याकाळी ती खाली गेली, तशी पाच मिनिटांनी मीही गेले.

आमच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, मागे बॅडमिंटनचं जुनं कोर्ट होतं. जाळी केव्हाच गेलेली, रेघा पुसट झालेल्या. एका बाजूला सिमेंटचे बाक, एका बाजूला ढकलखुर्चीसाठी केलेला उतार. तिथे माझी नात एका सायकलवर उभी होती. उभीच म्हणते, कारण त्या सायकलला सीटच नव्हती. जिथे सीट असते तिथे फ्रेम खाली दबलेली. चाकं जाड, सायकल बुटकी, मोठ्या माणसाचा पायजमा आखडून पोराला द्यावा तशी. आणि ती पुढेही जात नव्हती, मागेही नाही. दोन्ही पेडलांवर पाय, गुडघे वाकलेले, हँडल जरासं तिरकं, आणि जागच्या जागी उभी. मग तिने एक झटका दिला आणि सायकलीसकट उडी मारून बाकावर चढली.

मी म्हटलं, "बाकावर बसायचं असतं गं."

ती दचकली आणि पडली. कोपर खरचटलं. पण रडली नाही, हे मी लिहून ठेवते.

"बाबांना सांगू नको हं," हे तिने मराठीत सांगितलं. काम असलं की तिला मराठी येतं.

"सायकल चालवतेस हे त्यांना माहीत आहे की."

"हो, पण हे माहीत नाही." तिने हँडल माझ्यापुढे धरलं. मी पाहिलं. दोन मुठी होत्या, मध्ये दांडा होता. बाकी काही नाही.

"ब्रेक कुठे आहे?"

"काढला."

बसायला जागा नाही, थांबायला सोय नाही. मी चष्मा नीट केला आणि बाकावर बसले. आता कळल्याशिवाय वर जाणं मला शक्य नव्हतं.

तिने सांगितलं ते असं. या खेळाला ट्रायल्स म्हणतात. शर्यत नसते. सायकलीवरून पाय खाली न टेकता बाक, पायऱ्या, दगड यांच्यावर चढायचं आणि उतरायचं, एवढंच. या सायकलीचे ब्रेक फार घट्ट धरणारे असतात आणि धरताना किंचाळतात. कोर्टाच्या कडेला सकाळ-संध्याकाळ चिनी म्हातारे पिंजरे टांगून आपले पक्षी गायला लावतात. हिचा ब्रेक किंचाळला की पक्षी तासभर गप्प. दोनदा म्हाताऱ्यांनी समजावलं. तिसऱ्यांदा त्यातला एक, जो नेहमी बनियनवर असतो, रागावून म्हणाला की आता तुझ्या बापाशी बोलतो. म्हणून हिने ब्रेकच काढून टाकले.

"म्हणजे पक्ष्यांसाठी?"

"फर्स्ट पक्ष्यांसाठी. मग मला आवडलं."

"काय आवडलं?"

"डोन्ट नो, लाह." मग थोडा विचार करून म्हणाली, "ब्रेक असला की आपण लास्ट मिनिटाला थांबतो. नसला की आधीच ठरवायला लागतं."

हे मला पटलं. पटलं म्हणजे चांगलं वाटलं असं नव्हे, कळलं. पायाच्या शिलाई मशीनलाही ब्रेक नसतो. पाय काढला तरी चाक फिरत राहतं. हाताचा तळवा चाकावर ठेवून ते थांबवायचं असतं, आणि तळवा कधी ठेवायचा ते सुई कोपऱ्याला पोचायच्या आधी ठरवायचं असतं. जिला हे जमत नाही तिच्या बोटातून सुई जाते. माझ्याही गेली आहे. डाव्या तर्जनीचं नख आजही दुभंगलेलं उगवतं.

"मग तू थांबतेस कशाने?"

तिने मागचं चाक वीतभर उचलून धरलं आणि पेडल मारून ते गरगर फिरवलं. "चप्पल लाव. हळू हं. वरून."

मी बाकाला धरलं, पाय उचलला आणि चपलेचा तळ फिरत्या टायरवर टेकवला. आधी पाय पुढे खेचला गेला. मग मी जोर दिला, तसं चाक घरघरलं आणि थांबलं. चपलेतून पायाला ऊब लागली. इस्त्री फिरवल्यावर कापडाला लागते तशी.

"डावा बूट," मी म्हटलं.

"डावा बूट," ती म्हणाली.

तर असा तो उलगडा. खरं म्हणजे मी तिथून वर येऊन मुलाला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मला पुढचं बघायचं होतं.

पुढचे दोन महिने मी रोज खाली जात होते. सुनेला वाटलं मी फिरायला जाते. "आई, तुमची तब्येत सुधारलीय हं," असं ती दोनदा म्हणाली.

मला दिसलं ते असं की नातीला उड्या येत होत्या आणि थांबणं येत नव्हतं. कधी बूट लवकर लागायचा आणि चाक जागीच अडकायचं, कधी उशिरा. बूट कुठे टेकेल त्याचाही नेम नव्हता. बाकांमुळे, गवतामुळे ती वाचत होती, कसबामुळे नाही. पाच-सहा दिवस मी गप्प बसले. मग मला राहवलं नाही.

"तुझी सुरुवातच चुकली आहे," मी म्हटलं.

"तुला सायकल येत नाही, आजी."

"नाही येत. शिकवायला येतं."

माझ्याकडे नवी पोरगी शिकायला आली की मी तिला कापड देत नसे. दोरासुद्धा नाही. वहीचा जुना कागद घ्यायचा, त्यावर मी पेन्सिलीने रेघा आणि कोपरे काढून द्यायची, आणि तिने नुसती सुई चालवायची. कोपऱ्यावर सुई थांबली पाहिजे, एक भोक अलीकडे नाही, एक भोक पलीकडे नाही. आठ दिवस हेच. आया यायच्या भांडायला, पोरीला कागद का शिवायला लावता म्हणून. मी म्हणायची, थांबायला शिकली की शिवणं आपोआप येतं. उलटं होत नाही.

तेच मी इथे केलं. शिंप्याचा खडू माझ्याकडे होता. मी कोर्टावर रेघ मारली आणि उड्या बंद केल्या.

"नो उडी? फॉर हाऊ लाँग?"

"मी सांगेपर्यंत."

पहिला आठवडा चालीच्या वेगाने. मी शेजारून चालायची आणि ती सायकलीवर. रेघेआधी दोन हात असताना मी टाळी वाजवायची, तिने बूट टेकवायचा. बूट एकदम दाबायचा नाही, आधी टायरला नुसता लावायचा, फ्रेमच्या दांड्याला मागून टेकवायचा, मग भार द्यायचा. हे तिचं तिनेच शोधलं, मी फक्त "आज आधी लागला, आज उशिरा लागला" एवढं सांगत होते. दुसऱ्या आठवड्यात टाळी बंद. तिसऱ्यात जरा वेग. मग उतार.

बनियनवाला म्हातारा पिंजरा टांगून बघत बसायचा. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. पण ती रेघेवर थांबली की तो अंगठा वर करायचा आणि पुढे गेली की "आयाऽ!" म्हणायचा. पक्षी गात होता, त्यामुळे त्याची काही तक्रार नव्हती.

मग मुलाला कळलं. लिफ्टमध्ये कळलं. तो ऑफिसातून येत होता, ही सायकल घेऊन वर निघाली होती, आणि आठ मजले चढेपर्यंत हँडलकडे बघण्यावाचून त्याला दुसरं काम नव्हतं.

दार उघडताच त्याचा आवाज आला. "आई, तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"बिनब्रेकची सायकल! मी विचारायचं होतं की, आई, आज हिने ब्रेक काढले का?" त्याने बॅग खुर्चीवर आपटली आणि पोरीकडे वळून हनुवटी पुढे केली. तिथे आडवी खूण आहे. "ही काय आहे? साताऱ्याच्या उतारावर ब्रेकची वायर तुटली होती माझी. सहा टाके. मला माहीत आहे काय होतं ते."

"दॅट वन गॉट ब्रेक, वॉट," नात म्हणाली.

सून हसली आणि तिने लगेच तोंडावर हात धरला. हसायला नको होतं. मुलगा लाल झाला.

"रविवारी करंगुनीवाला येतो," तो म्हणाला, "त्याला देऊन टाकतो." करंगुनीवाला म्हणजे इथला जुन्या सामानाचा माणूस, हातगाडी घेऊन, भोंगा वाजवत ब्लॉकखालून फिरतो. "नाहीतर ब्रेक लाव."

"ब्रेक लावला तर बर्ड अंकल कम्प्लेन करणार."

"मग सायकल नको."

पोरगी खोलीत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर मला काही वाटलं नसतं. सायकल तिने स्वतःच्या वाढदिवसाचे दोन वर्षांचे सगळे हट्ट सोडून मिळवली होती, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. शाळेत तिला फारशी कुणी मैत्रीण नव्हती, हेही माहीत होतं. यावर मी जास्त लिहीत नाही.

जेवताना मी मुलाला म्हटलं, "तिला थांबता येतं की नाही ते आधी बघ. मग काय ते कर."

"कसं बघू?"

"उतारावरून येऊ दे. मी रेघ मारते. तीनदा थांबली रेघेच्या आत, तर ठेव. एकदा जरी बाहेर गेली किंवा पाय जमिनीला लावला, तर दे त्या गाडीवाल्याला."

त्याने सुनेकडे बघितलं. सून म्हणाली, "ठीक आहे की." त्याने मान हलवली. आत दार किलकिलं झालं होतं, म्हणजे तिनेही ऐकलं होतं.

तो रविवार दसऱ्याचा होता.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी साताऱ्यात मशीन उघडून साफ करायची, भोकाभोकातून तेल सोडायची, लाकडी फळीला तेलाचा हात लावायची, की ती चकाकत असे. मशीन राहिली तिथे, सवय आली इथे. शनिवारी मी कात्री घासली. सुनेचा लॅपटॉप पुसून ठेवला. सेरंगूनला, इथल्या भारतीय बाजारात, जाऊन मुलाने झेंडू आणला. आपटा काही मिळाला नाही. आणि सायकल राहिली म्हणून मी सायकल घेतली.

धुळीने टायर राखाडी झाले होते. ओल्या फडक्याने पुसले तरी राखाडीच. मग मी खोबरेल तेलाचा हात दिला, दोन्ही टायरना, चाकांच्या लोखंडी कड्यांना, सगळ्याला. काळंभोर झालं रबर, नव्यासारखं. मला फार बरं वाटलं. रविवारी सकाळी हळद-कुंकू वाहिलं, हँडलला झेंडूची माळ घातली. नात पाया पडली. हातही न लावता लांबूनच पडली, कारण पूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही हे मीच तिला सांगून ठेवलं होतं.

साडेदहाला आम्ही सगळे खाली गेलो. मी उताराच्या पायथ्यापासून टेपने मोजून रेघ मारली. रेघेच्या पुढे गवताची पट्टी आणि त्यापुढे पावसाच्या पाण्याचं सिमेंटचं गटार, कमरेएवढं खोल. मुलगा गटाराच्या अलीकडे जाऊन उभा राहिला, हात पसरून, जणू बॉल अडवायचा आहे. बनियनवाला म्हातारा पिंजरा घेऊन आला होता. लांब कुठेतरी भोंगा वाजत होता.

"रेडी?" मुलगा ओरडला.

ती उतारावरून सुटली. वेग नेहमीचाच होता. बूट टायरला लागला, नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी. मी बघत होते. आणि काहीच झालं नाही. चाक फिरतच राहिलं. तिने भार दिला, तरी बूट नुसता सरकला. रेघ गेली. बापाच्या अंगावर जाणार एवढ्यात तिने हँडल वळवलं, पुढचं चाक उचललं, आणि सायकल बाजूच्या सिमेंटच्या बाकावर घातली. बाकावर चाक आदळलं, थांबलं, आणि ती गवतात आडवी झाली.

"आयाऽ!" म्हातारा म्हणाला.

सून धावली. गुडघा फुटला होता, बाकी काही नाही. मुलगा तसाच हात पसरून उभा होता, चेहरा पांढरा. मग त्याने हात खाली घेतले. "झालं," तो म्हणाला. "संपलं." त्याने सायकल उचलली आणि भोंग्याच्या दिशेने चालू लागला.

नात गवतात बसली होती. तिने बुटाचा तळ वर करून बघितला, बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. खोबरेल. मग तिने माझ्याकडे बघितलं. बापाची पाठ दिसत होती, सायकल चालली होती, एक वाक्य बोलली असती तर पुरलं असतं. ती बोलली नाही.

मला तेव्हा कळलं, मी काय केलं ते. मशीनच्या पट्ट्याला तेल लावायचं नाही, पट्टा घसरतो, हे मी चाळीस वर्षं पोरींना ओरडून सांगितलं. एकीच्या तर हातावर फूटपट्टी मारली होती. दोन महिने रोज पाहत होते की त्या टायरवरच ती थांबते. आणि सणाच्या नादात तोच टायर तेलाने पुसला, चकाकतो म्हणून खूश झाले. याला वय कारण नाही. डोकं जागेवर नव्हतं, एवढंच.

"थांब," मी मुलाला हाक मारली. "टायरला तेल मी लावलंय."

तो वळला. "काय?"

"खोबरेल. काल. पूजेसाठी."

"टायरला कुणी तेल लावतं?"

"मी लावलं. तिची चूक नाही."

तो परत आला. सायकल दोघांच्या मध्ये धरून म्हणाला, "आई, मग तर झालंच ना! कुणीतरी तेल लावलं, की ही गटारात. हेच मी सांगतोय. ब्रेक असता तर थांबली असती."

"कड्यांनाही लावलंय," मी म्हटलं. "ब्रेक कशाला धरतो?"

त्याने कड्यावर बोट फिरवलं. बोट चमकलं. ब्रेक कड्यालाच धरतो, हे त्याला माहीत होतं. त्याने बोट पँटला पुसलं. गाडीवाला तोवर कोपऱ्यावर आला होता. सायकलीकडे बघून त्याने आशेने भोंगा दाबला. मुलाने त्याला हाताने नाही म्हणून सांगितलं. ते कायमचं नाही नव्हतं. आत्ता नाही, एवढंच.

"जेवून परत," तो म्हणाला. "तीनदा. आधी ठरलं तसंच."

जेवण कुणाला गेलं नाही. पुरी-श्रीखंड तसंच राहिलं. मुलगा सायकल न्हाणीघरात घेऊन गेला आणि भांड्यांच्या साबणाने टायर घासत बसला. मी मदत करू लागले तर म्हणाला, "तू लांब राहा, आई." राहिले. दोनदा धुतले, फडक्याने कोरडे केले, मग बुटाचा तळही घासला. पोरगी दारात उभी राहून गुडघ्यावरच्या पट्टीशी चाळा करत होती.

"तेल आजीने लावलं हे तुला लगेच कळलं ना?" त्याने मान वर न करता विचारलं.

"येस."

"मग बोलली नाहीस का?"

"आजीला यू स्कोल्ड करणार. सायकल तरी पण जाणार. सो फॉर वॉट?"

तो घासत राहिला.

चार वाजता परत खाली. पहिल्या वेळी ती रेघेच्या हातभर अलीकडे थांबली आणि पाय खाली न टेकता उभी राहिली. दुसऱ्या वेळीही. म्हाताऱ्याने अंगठा वर केला. तिसऱ्या वेळी तिने वेग घेतला. का घेतला ते मी नंतर विचारलं तर म्हणाली, हळू आले असते तर बाबा म्हणाले असते, हळू आली म्हणून थांबली. बूट लागला, टायर घरघरला, सायकल मागून जराशी हलली आणि थांबली. पुढचं चाक खडूच्या रेघेवर.

मुलगा गुडघ्यावर बसला, माझ्या हातातली टेप घेतली, पण मोजणार काय? रेघ दोन बोटं रुंद होती आणि चाक बरोबर तिच्यावर होतं.

"रेघेवर आहे," तो म्हणाला.

"बॅडमिंटनमध्ये ऑन द लाइन इज इन," नात म्हणाली. ती अजून पेडलांवर तशीच उभी होती, पाय थरथरत होते तरी.

"हे बॅडमिंटन नाही."

"बॅडमिंटन कोर्ट आहे, वॉट."

मुलाने माझ्याकडे बघितलं. "आई, तू काय म्हणतेस?"

"मला विचारू नकोस. मी तेल लावलंय."

शेवटी पोरीचा तोल गेला आणि ती उतरली. मुलाने तिच्या हातातून सायकल घेतली. मला वाटलं, गेली. पण तो ती घेऊन उताराच्या मध्यापर्यंत चढला, पँट घोट्याशी दुमडली, आणि पेडलवर उभा राहिला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, बसायला जागा नसलेल्या सायकलीवर, सणाचा झब्बा घालून. सून म्हणाली, "अहो, उतरा!" त्याने ऐकलं नाही. सायकल सुटली.

"वन लेग ओन्ली!" नात शेजारून पळत ओरडत होती. "हळू! आधी नुसता लाव! नाऊ दाब, बाबा, दाब!"

त्याने दाबला. फार वेग नव्हता. सायकल वेडीवाकडी झाली, झब्बा हँडलमध्ये अडकला, आणि तो रेघेच्या बरंच अलीकडे, एक पाय जमिनीवर टेकून थांबला. परीक्षा असती तर नापास. त्याने चप्पल काढली आणि तळ बघितला.

"गरम लागतं," तो म्हणाला. मला नाही, पोरीला.

"आय टोल्ड यू."

"रस्त्यावर न्यायची नाही. फक्त इथे."

"ओके."

"आणि आजीला हात लावू द्यायचा नाही."

"कॅन, लाह," ती म्हणाली आणि सायकल ओढून घेतली.

त्या दिवशी रात्री श्रीखंड उरलं नाही.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला मी कात्री घासली, टेप गुंडाळून ठेवली, लॅपटॉप पुसला. सायकलीला हात लावला नाही, तिने स्वतःच पुसली, कोरड्या फडक्याने. सकाळी पूजेला बसले तेव्हा मनात आलं की पोरगी ज्याच्या जोरावर थांबते ते हत्यार तर इथे नाहीच. पण चपला-बूट देवाजवळ ठेवायची आमच्यात रीत नाही, आणि मी ती मोडणार नव्हते. मी तबक घेऊन दाराबाहेर गेले. तिथे चपलांच्या मांडणीवर तिचा डावा बूट होता, तिसरा जोड होता तो, आणि त्यालाही पन्हळ पडायला लागली होती. वरच्या बाजूला, नाड्यांच्या जवळ, कुंकवाचं बोट टेकवलं. तळाला काही लावलं नाही.